माजघरातली एबीसीडी

मैत्रिणींनो, आज एका शब्दापासून सुरुवात करते. शब्द आहे ‘डेंजर’. विजेच्या खांबावर कवटीच्या चित्राखाली लिहिलेला असतो, म्हणून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा.

आमच्या निडीतल्या बचत गटातली एक मैत्रीण. तिचे यजमान मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार लागला. पनवेलच्या एका रुग्णालयात नेलं. दोन रात्री ही बाहेरच्या बाकड्यावर बसून. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, पेशंटला तपासलं आणि जाता जाता हिच्याकडे बघून इंग्रजीत एक वाक्य बोलून पुढे गेले. हिला त्यातला एकच शब्द कळला, डेंजर. हातापायातलं बळ गेलं. भिंतीला धरून खाली बसली ती उठेना. गावाकडे फोन गेला, दीर गाडी करून निघाले, इकडे घरात रडारड. अर्ध्या तासाने तिथल्या आयाबाईंनी विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर म्हणाले होते, पेशंट आता आऊट ऑफ डेंजर आहे. म्हणजे धोका टळला! आनंदाची बातमी होती आणि तीच ऐकून ही बिचारी कोसळली.

आता ती हे सांगताना हसते, पण हसता हसता डोळे भरून येतात. त्या अर्ध्या तासात मी विधवा होऊन बसले होते गं, असं ती म्हणते. यावर काय बोलणार?

मी साधी बी.ए. झालेली गृहिणी. माझंही इंग्रजी काही फाडफाड नाही. पण त्या दिवसापासून ठरवलं, दुपारी तीन ते चार जमेल तशा आपण बसायचं. बाजारातून वाक्प्रचारांचं एक पुस्तक आणलं. पहिलाच धडा पावसाचा निघाला. इंग्रजीत जोराच्या पावसाला म्हणे रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज म्हणतात, मांजरं-कुत्री पडतात! आमच्या एका आजींनी विचारलं, कोकणातल्या पावसाला मुसळं कमी पडली म्हणून आता कुत्री-मांजरं कशाला गं? सगळ्या हसलो. पुस्तक बाजूला ठेवलं आणि मोबाईल हातात घेतला. समोरचा फोन लागत नाही तेव्हा त्यातली बाई काय सांगते? आऊट ऑफ कव्हरेज एरिया. म्हणजे काय? माणूस त्या टप्प्याच्या बाहेर आहे. मग आऊट ऑफ डेंजर म्हणजे? धोक्याच्या बाहेर. दुकानात आऊट ऑफ स्टॉक म्हणजे माल संपला. एटीएमवर आऊट ऑफ ऑर्डर म्हणजे यंत्र बंद. एका शब्दात चार कुलपं उघडली. त्या मैत्रिणीचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतात तुम्ही!

पण आठ-दहा दिवस आली आणि ती यायची बंद झाली. चौकशी केली तर कळलं, घरातल्याच बायका टोमणे मारतात. चाळिशीत मडमीण व्हायला निघाली, आता चहा नाही टी करेल, असं काहीबाही. पुरुषांनी नाही हं, बायकांनीच. नवऱ्याची तर काही हरकत नव्हती.

तिला मी रमाबाई रानड्यांची गोष्ट सांगितली होती, पण नळावर उभ्या उभ्या, अर्धीमुर्धी. म्हणून आज इथे सगळी सांगते. तिच्यासाठी आणि तुमच्यापैकी जिला जिला असा टोमणा बसलाय तिच्यासाठी.

इंग्रजी शिकलेल्या जुन्या बायका म्हटलं की आपल्या रायगडकरांना आधी आठवतात डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात होते, त्यांची बदली अलिबागला झाली होती आणि लहानग्या आनंदीच्या शिक्षणाने तिथेच जोर धरला. पुढे १८८३ मध्ये ती मुलगी बोटीने अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिला शतशः नमस्कार. पण सातासमुद्रापार जाणं आपल्यातल्या कितीजणींना जमणार? रमाबाईंचं तसं नव्हतं. त्या शिकल्या त्या घरातच. स्वयंपाकपाणी, पाहुणेरावळे, सोवळंओवळं, सासूबाई-आत्याबाई सगळं सांभाळून. म्हणून मला त्या जास्त जवळच्या वाटतात.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. माहेरचं आडनाव कुर्लेकर, नाव यमुना. घरात खाऊनपिऊन सुखी असलेली, पण मुलींना लिहायला-वाचायला शिकवायची पद्धत नसलेली अशी ही माणसं. आईकडून पुराणातल्या गोष्टी ऐकायच्या, घरकाम शिकायचं, एवढीच शाळा.

१८७३ च्या डिसेंबरात तिचं लग्न झालं. वय अकरा. नवरा मुलगा म्हणावं तर तो बत्तिशीच्या उंबरठ्यावरचा, पुण्यात सबजज्ज असलेला, मोठा विद्वान आणि बिजवर. हे होते महादेव गोविंद रानडे, पुढे न्यायमूर्ती म्हणून सगळ्या देशाला माहीत झालेले. त्यांची पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षी वारली होती. रानडे विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे, तेव्हा आता ते स्वतः एखाद्या विधवेशीच लग्न करतील असं लोक धरून चालले होते. वडिलांना तीच धास्ती. त्यांनी घाईने ही मुलगी पाहिली आणि मुलाच्या मनात नसताना लग्न लावून दिलं. रानड्यांनी वडिलांपुढे मान तुकवली. त्यासाठी लोकांनी त्यांना पुढे खूप बोल लावले आणि ते चूक नव्हतं.

अकरा वर्षांच्या त्या पोरीला यातलं काय कळणार? सासरी पाठवताना वडिलांनी तिला एकच बजावलं होतं. कुणी काही बोललं तरी उलट बोलू नकोस आणि घरातली गाऱ्हाणी नवऱ्याच्या कानावर घालू नकोस. ही शिकवण तिने फार मनावर घेतली. ती बरोबर होती की नाही यावर आपण आज वाद घालू शकतो, मीही घालीन. पण पुढचं सगळं समजायला ती लक्षात ठेवा.

लग्न झालं त्याच दिवशी रात्री रानड्यांनी तिला विचारलं, लिहिता-वाचता येतं का. तिने नाही म्हटलं. झालं! पाटी-पेन्सिल आली आणि श्रीगणेशाय नमः या सात अक्षरांचा धडा सुरू झाला. जिने कधी पाटी हातात धरली नव्हती तिला ती सात अक्षरं काढायला बराच वेळ लागला. बत्तीस वर्षांचा नवरा आणि अकरा वर्षांची बायको, यांचा संसार असा बाराखडीपासून सुरू झाला. पुढे रोज रात्री शिकवणी व्हायला लागली. काही दिवसांनी ट्रेनिंग कॉलेजातल्या एक शिक्षिका, सगुणाबाई देव, घरी शिकवायला येऊ लागल्या.

आणि इथूनच माजघरातलं युद्ध सुरू झालं.

रानड्यांचं घर म्हणजे भरलेलं घर. सावत्र सासूबाई, नणंद, नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका, मिळून आठ-नऊ जणी. त्यातल्या काही विधवा. सगळ्यांचा दिवस स्वयंपाकघर, देवघर आणि माजघर यांतच जायचा. त्यांच्यामध्ये ही धाकटी सून पुस्तक घेऊन बसणार! बाईने शिकलं तर घराचं वाटोळं होतं, ही तेव्हाची पक्की समजूत. त्यांनी तिला आधी गोडीने सांगून पाहिलं. पुरुषांना अशा लहरी येतात, आपण दोनदा-चारदा कानाडोळा केला की ते आपोआप नाद सोडतात. नवऱ्याला नाही म्हणायचं नाही, पण करायचंही नाही, असा सल्ला. किती हुशार सल्ला आहे ना? पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी असंच निभावून नेलं असणार.

रमाबाईंनी ते ऐकलं नाही. मग टोमणे सुरू झाले, अबोला सुरू झाला. कामात चूक झाली की पुस्तकाचं नाव पुढे यायचं. वडिलांची शिकवण आठवून त्या गप्प बसायच्या, एकट्या असल्या की रडायच्या. पण रात्री पाटी पुन्हा हातात घ्यायच्या. दिवसभर कामाला कुठे उणं पडू द्यायचं नाही, म्हणजे बोट दाखवायला जागा राहणार नाही, अशी त्यांची धडपड असायची. ही धडपड आपल्यालाही ओळखीची आहे, नाही का? घराबाहेर पडायचं तर आधी दुप्पट काम करून ठेवायचं!

मराठी वाचता-लिहिता येऊ लागलं. १८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. वडीलधाऱ्यांच्या नजरेपासून लांब असं हे पहिलंच बिऱ्हाड. तिथे रानड्यांनी स्वतः त्यांना इंग्रजी शिकवायला घेतलं. कोर्टाचं काम आणि भेटायला येणारी माणसं यांतून सकाळ-रात्रीचा वेळ काढून धडा व्हायचा. पुढच्या वर्षी धुळ्याला बदली झाली, तिथेही अभ्यास चालूच राहिला.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रानड्यांनी त्यांना नुसती पुस्तकं दिली नाहीत, घरखर्चाचे पैसेही हातात दिले आणि हिशेब ठेवायला लावला. त्याच सुमारास बाहेरच्या बायकांशी बोलायचं, हळदीकुंकवाला बायकांना जमवायचं, मुलींच्या शाळेच्या समारंभाला जायचं, तिथे चार शब्द बोलायचे, असं सगळं एकापाठोपाठ एक सुरू झालं. शिकलेला शब्द लगेच कामाला लागत होता, म्हणून तो राहिला. नाहीतर आपणही शाळेत इंग्रजी शिकलोच होतो की! पाठ केलं, परीक्षा दिली, विसरलो.

रानडे परिवार पुन्हा पुण्यात आला. आता घरात पुन्हा त्या आठ-नऊ जणी आणि शिकायचं होतं परक्यांच्या भाषेत. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. संस्कृत पंडित असलेली ही तरुण विधवा व्याख्यानं देते म्हणून सगळं पुणं हललं. त्यांच्या पुढाकाराने आर्य महिला समाज निघाला. आमच्या रमाबाईही त्या सभांना जाऊ लागल्या. मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई ट्रेनिंग कॉलेजात होत्या. पंडिता रमाबाई त्यांच्याकडे इंग्रजी शिकल्या आणि रमाबाई रानडेही. एकाच बाईंच्या हाताखाली दोन रमाबाई!

पण घरी काय? मडमेला शिवली म्हणजे विटाळ झाला. धडा झाला की आंघोळ करून लुगडं बदलायचं, तोवर कशाला हात लावायचा नाही. विचार करा, रोजच्या एक तासाच्या इंग्रजीसाठी रोज ही शिक्षा. एखादीने म्हटलं असतं, नको ते इंग्रजी आणि नको ते अंगावर पाणी. रमाबाईंनी पाणी घेतलं आणि इंग्रजी सोडलं नाही.

या सगळ्यात रानडे काय करत होते, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. ते घरातल्या बायकांवर आवाज चढवत नसत. सावत्र आईला दुखवत नसत. बायकोलाही सांगायचे, सोस, पण शिकणं सोडू नकोस. आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर राग येतो. शिकवायचं तुम्ही आणि सोसायचं तिने? तिला हे सगळं हवं आहे का, असं लग्नाच्या रात्री कुणी विचारलं होतं? नव्हतं विचारलं. ही गोष्ट लपवून रमाबाईंचं चरित्र सांगू नये. पण पुढे एक वेळ अशी आली की ते शिकणं नवऱ्याच्या हौसेचं न राहता त्यांचं स्वतःचं झालं.

ती वेळ कुठली, हे बोट ठेवून सांगता येणार नाही. मला वाटतं, ती या प्रसंगाच्या आसपास असावी. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढायचं ठरत होतं. त्यासाठी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर सभा झाली. हे तेच, ज्यांच्या नावाने फर्ग्युसन कॉलेज आहे. त्या सभेत इंग्रजीतलं निवेदन वाचून दाखवायचं होतं आणि ते वाचलं रमाबाईंनी. मजकूर रानड्यांनी लिहून दिलेला, पण तोंड आणि धीर रमाबाईंचा. जिने काही वर्षांपूर्वी सात अक्षरांसाठी घाम गाळला होता, तिने गोऱ्या साहेबापुढे आणि पुण्याच्या पुढाऱ्यांपुढे इंग्रजीत सांगितलं की मुलींना शाळा हवी. १८८४ मध्ये ती शाळा सुरू झाली. पुण्याची हुजूरपागा ती हीच. तिथे शिकून किती मुली बाहेर पडल्या याची मोजदाद कोण करणार!

सभेत टाळ्या, पण घरी आल्यावर? बोलणी. पुरुषांच्या सभेत उभी राहून इंग्रजी बोलली म्हणून सासूबाईंचा संताप. ज्या दिवशी कौतुकाने घर भरायला हवं होतं त्या दिवशी रमाबाई मन मारून बसल्या. मैत्रिणींनो, हे वाचताना माझ्या मनात राहून राहून येतं, त्या सासूबाईंनाही कुणी सात अक्षरं शिकवली असती तर? त्या दुष्ट नव्हत्या. आपल्याला जे कधी मिळालंच नाही ते आपल्या डोळ्यांदेखत धाकटीला मिळतंय, हे बघणं सोपं नसतं. त्यातल्या विधवा बायकांना तर पुढे काही घडेल अशी आशाच नव्हती. टोमण्याच्या आत कितीदा तरी असं जुनं दुःख असतं. म्हणून टोमणा ऐकून घ्यावा, पण त्याचं ऐकू नये!

आता यातला सगळ्यात गोड प्रसंग सांगते. १८८६ च्या सुमारास सरकारच्या एका समितीवर रानड्यांची नेमणूक झाली आणि त्या कामासाठी दोघांचा मुक्काम काही काळ कलकत्त्यात पडला. दारावर बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. आपल्याला कुठे बंगाली येतं, म्हणून रमाबाईंनी त्याला परत पाठवलं. रानड्यांना ते लागलं. ज्या गावात राहायचं तिथली भाषा येऊ नये? त्यांनी बंगाली पुस्तकं आणली आणि शिकायला बसले. एके दिवशी रमाबाई बघतात तो काय, न्हावी हजामत करतोय आणि एवढा मोठा न्यायाधीश पुस्तक समोर धरून त्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारतोय! रमाबाईंना हसू आवरेना. न्हाव्याला गुरू केलंत म्हणून त्यांनी थट्टा केली. तर रानड्यांनी दत्तगुरूंचा दाखला दिला. दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, त्यात पशुपक्षीही होते, मग न्हाव्याने काय घोडं मारलंय! पुढे बंगाली थोडं जमल्यावर ते त्यांनी रमाबाईंनाही शिकवलं.

आमच्या दुपारच्या वर्गाचं ब्रीद मी यातूनच घेतलंय. जो भेटेल तो गुरू. औषधाच्या दुकानातला मुलगा, नातू, शाळेत जाणारी शेजारची पोर, दिवा-रोहा गाडीत शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी. विचारायला लाजायचं नाही. न्यायमूर्ती न्हाव्याला विचारायला लाजले नाहीत, आपण कोण?

१८९३ मध्ये रानडे मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. रानड्यांची दृष्टी अधू होती, त्यामुळे त्यांना वाचून दाखवायला माणूस लागायचं. ते काम रमाबाईही करायच्या. ज्याने शिकवलं त्याचे डोळे व्हायचं भाग्य कितीजणींना मिळतं? मुंबईत त्या प्रार्थना समाजाच्या बायकांमध्ये काम करू लागल्या. हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला आणि बायकांसाठी भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम असे वर्ग सुरू केले. शिकणारी आता शिकवणारी झाली होती.

१६ जानेवारी १९०१ ला न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीला टेकलेल्या. आपल्या त्या मैत्रिणीच्याच वयाच्या म्हणा ना. त्या काळी विधवेने काय करायचं हे ठरलेलं होतं. कोपरा धरायचा आणि दिवस मोजायचे. काही काळ त्यांनीही स्वतःला कोंडून घेतलं. मग मात्र उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या, रुग्णालयांत जाऊ लागल्या. १९०४ मध्ये मुंबईला भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्ष झाल्या. १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन निघालं आणि १९०९ मध्ये पुण्यात. पुण्याचं सेवासदन सुरू झालं ते रमाबाईंच्या राहत्या वाड्यात. ज्या प्रकारच्या माजघरात त्यांना पुस्तक लपवावंसं वाटलं असेल, त्याच प्रकारच्या वाड्यात आता बायका राजरोस पाटी घेऊन येऊ लागल्या. मोठ्या वयाच्या, संसार केलेल्या, विधवा झालेल्या, टाकलेल्या. कुणी लिहायला-वाचायला शिकली, कुणी शिक्षिका झाली, कुणी ससून रुग्णालयात जाऊन नर्सचं काम शिकली. परक्यांची सेवा करायची म्हणून नर्सच्या कामाला तेव्हा घरंदाज बायका नाकं मुरडत. रमाबाईंनी त्यांची समजूत घालून त्यांना त्या कामाला लावलं.

आणि एक गंमत बघा. इंग्रजी शिकण्यासाठी एवढा छळ सोसलेल्या या बाईने आपलं पुस्तक लिहिलं ते मराठीत. ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे ते पुस्तक, १९१० मध्ये निघालं. साधं, घरगुती, आईने सांगावं तसं. आजही वाचनालयात मिळेल, जरूर वाचा. म्हणजे इंग्रजी आलं म्हणून मराठी सोडली नाही. इंग्रजी ही त्यांच्यासाठी बाहेरच्या जगातलं घरात आणायची वाट होती, मिरवायचा दागिना नव्हता. आज आपण मुलांना इंग्रजी शाळेत घालतो आणि मराठी वाचता येत नाही याचं कौतुक करतो, तेव्हा मला रमाबाई आठवतात.

शेवटच्या वर्षांत मुलींना सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण मिळावं आणि बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्या झटल्या. १९२४ मध्ये त्या गेल्या. १९६२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. आणि २०१२ मध्ये टीव्हीवर ‘उंच माझा झोका’ लागायची ती तुम्ही पाहिलीच असेल. तीच ही रमा.

आता आपल्याकडे वळू. रमाबाईंना गव्हर्नरपुढे वाचायचं होतं. आपल्याला काय वाचायचंय? गोळ्यांच्या पाकिटावरची एक्स्पायरी, म्हणजे औषधाची मुदत कधी संपते ती. विजेच्या बिलावरची ड्यू डेट, म्हणजे कधीपर्यंत भरायचं. बँकेच्या फॉर्मवरचा नॉमिनी, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला. विथड्रॉल म्हणजे काढणं, डिपॉझिट म्हणजे भरणं. हे शब्द कळले नाहीत तर नुसती फजिती होत नाही, नुकसान होतं. माझंच सांगते. एका कार्यालयात इंग्रजी कागदावर साहेबांनी सही करा म्हटलं, मी न वाचता केली. बी.ए. असून! विचारायची लाज वाटली म्हणून. नंतर कळलं, ज्या पैशांवर माझा हक्क होता ते मला नकोत असं मीच लिहून दिलं होतं. रक्कम लहान होती, पण धडा मोठा मिळाला. तेव्हापासून कुठेही सांगते, वाचल्याशिवाय सही नाही. दहा मिनिटं लागली तर लागू देत.

आमच्या वर्गात आम्ही रोज तीनच शब्द घेतो. ते आपल्याच घरातले असावे लागतात. पिठाच्या पिशवीवरचा, मोबाईलवरचा, मुलाच्या वहीतला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीने तो शब्द कुठे वापरला ते सांगायचं. वाक्प्रचारही येतात अधूनमधून, पण आपल्या म्हणीशी जोडी लावून. पीस ऑफ केक म्हणजे आपला हातचा मळ. वन्स इन अ ब्लू मून म्हणजे सठीसामाशी. अशी जोडी लागली की डोक्यात पक्कं बसतं आणि आपली मराठी किती श्रीमंत आहे तेही कळतं. चुकलं तर हसतो, पण एकीला नाही, सगळ्या मिळून हसतो. यात फरक आहे.

आणि घरात जर कुणी सून, जाऊ, भावजय काही शिकायला निघाली असेल, इंग्रजी असो, शिवण असो, स्कूटर असो, तर एक विनंती. आपल्या तोंडी टोमणा आला की क्षणभर थांबा. पंधरा दशकांपूर्वीच्या त्या माजघरातला टोमणा अजून आपण का वाहतोय? त्यापेक्षा तिच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, आज काय शिकलीस, मलाही सांग.

आमची ती मैत्रीण अजून वर्गाला आलेली नाही. हा अंक हातात पडला की पान घेऊन तिच्या घरी जाणार आहे. तिच्याबरोबर तिच्या जावेलाही बोलावणार आहे. हॉस्पिटलच्या त्या बाकड्यावर उद्या दोघींपैकी कुणालाही बसायची वेळ येऊ शकते.